केबल काढली तर चालतं, स्विचचं काम निघालं की पडतं: बाँडिंगचं फेलओव्हर अडतं कुठे

तक्रार साधारण अशी असते. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, ती दोन वेगळ्या स्विचना जोडलेली, लिनक्सवर दोघांचा मिळून एक बाँड, मोड ॲक्टिव्ह-बॅकअप: एक कार्ड काम करतं, दुसरं राखीव, आणि पहिलं गेलं की दुसऱ्याने ताबा घ्यायचा, म्हणजेच फेलओव्हर. बसवताना एक केबल काढून बघितली, पिंगचे एक-दोन रिप्लाय चुकले, पुढे सुरळीत. हँडओव्हरच्या कागदावर सही झाली. मग कधीतरी स्विचचं फर्मवेअर बदलायला घेतलं किंवा वरच्या फायबरला कोणाचा तरी धक्का लागला आणि सर्व्हर गायब. काही मिनिटांनी आपोआप परत. तपासायला जावं तर दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे, बाँड वर, लॉगमध्ये ओरड नाही. नेटवर्कवाले म्हणतात सर्व्हर बघा, सर्व्हरवाले म्हणतात स्विच बघा. पुढच्या मेंटेनन्सला पुन्हा तेच.

अशा वेळी हार्डवेअर बहुधा ठणठणीत असतं. बाँडिंग ड्रायव्हरला नेहमीच्या सेटिंगमध्ये दिसतं ते एवढंच: माझ्या पोर्टवर लिंक आहे की नाही. त्या पोर्टपासून समोरच्या पोर्टपर्यंतचा तुकडा शाबूत आहे, इतकंच त्याला कळतं. पुढे स्विचमधून कोअरपर्यंत (मधल्या मुख्य स्विचपर्यंत), कोअरमधून गेटवेपर्यंत (बाहेर जाण्याच्या दारापर्यंत) वाट आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. केबल काढण्याची चाचणी नेमका तेवढा एकच तुकडा तपासते, आणि खऱ्या घटनांत तो तुकडा क्वचितच तुटतो.

म्हणून शोध सुरू करताना सेटिंगची फाइल उघडू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: त्या वेळी बाँडने कार्ड बदललं होतं की नव्हतं? बदललं नसेल तर दोष देखरेखीत आहे. बदललं असूनही सर्व्हर दिसत नसेल, तर बाकीच्या नेटवर्कला ते समजलेलं नाही. आणि काहींना सर्व्हर दिसत होता, काहींना नव्हता, असं असेल तर सर्व्हर आणि स्विच यांच्या मोडचं जमलेलं नाही. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. इंटरनेटवर सापडलेला एखादा पॅरामीटर चिकटवून पाहिल्याने हा प्रकार वर्षानुवर्षं रेंगाळतो, त्याचं कारण हेच.

उत्तर दोन ठिकाणी मिळतं. प्रॉक फाइलसिस्टीममध्ये नेट, त्याखाली बाँडिंग, त्याखाली तुमच्या बाँडच्या नावाची फाइल असते. तिच्यात सध्या कोणतं कार्ड ॲक्टिव्ह आहे, प्रत्येक कार्डाची एमआयआय स्थिती (लिंक आहे की नाही) काय, आणि ‘लिंक फेल्युअर काउंट’ किती, हे लिहिलेलं असतं. हा शेवटचा आकडा सोन्याचा आहे. मशीन रीबूट केलं किंवा बाँड नव्याने बांधला की तो शून्यावर येतो, त्यामुळे घटनेनंतर घाईघाईत रीबूट करणाऱ्याने पुरावाच पुसलेला असतो. दुसरं ठिकाण म्हणजे कर्नलचा लॉग. लिंक गेल्याचं ड्रायव्हरला कळलं, तर ‘लिंक स्टेटस डेफिनिटली डाउन’ अशी ओळ पडते आणि पाठोपाठ अमुक इंटरफेसला नवा ॲक्टिव्ह केल्याची. या दोन ओळींची वेळ आणि लोकांना सर्व्हर दिसेनासा झाल्याची वेळ शेजारी शेजारी मांडा. अर्धं निदान तिथेच होतं.

बाँडने कार्ड बदललंच नव्हतं

आधी सोपं कारण. त्याच फाइलमध्ये ‘एमआयआय पोलिंग इंटरव्हल’ शून्य दिसत असेल आणि एआरपी देखरेखही (ती पुढे येते) लावलेली नसेल, तर बाँड काहीच बघत नाही. अशा बाँडची केबल काढली तरी फाइलमध्ये स्थिती ‘अप’च राहते, कारण ती स्थिती ताजी करणारं कोणी नाही. हे जुन्या काळचं दुखणं वाटेल, पण आजही भेटतं. उबंटूच्या नेटप्लॅनमध्ये बाँड लिहिताना एमआयआय देखरेखीचा अंतराल दिला नाही, तर तो शून्य धरला जातो, म्हणजे देखरेख बंद. सिस्टीमडी-नेटवर्कडीचंही तसंच. नेटवर्कमॅनेजर मात्र न सांगता १०० मिलिसेकंद धरतो. त्यामुळे रेड हॅटच्या घरातला माणूस उबंटूवर गेला की त्याला वाटतं हे आपोआपच होतं. १०० मिलिसेकंद लिहून टाका आणि पुढे चला. केबल काढण्याची चाचणी झालेल्या ठिकाणी हे कारण उरायला नको. उरलं असेल, तर चाचणी कागदावरच झाली होती असं समजा.

खरा घोळ दुसरीकडे असतो. चित्र डोळ्यांसमोर आणा: सर्व्हर दोन ॲक्सेस स्विचना जोडलेला आहे, त्यांना पहिला आणि दुसरा म्हणू. दोघांची एकेक अपलिंक, म्हणजे वर जाणारी जोडणी, कोअर स्विचकडे जाते. ॲक्टिव्ह कार्ड पहिल्यावर आहे. आता पहिल्याची अपलिंक तुटली. सर्व्हर आणि पहिला स्विच यांच्यातली लिंक धडधाकट आहे, दिवा हिरवा आहे, दर १०० मिलिसेकंदांनी बाँड विचारतो ‘आहेस ना?’ आणि कार्ड म्हणतं ‘आहे’. सर्व्हर आपली पॅकेट एका बेटावरच्या स्विचकडे ढकलत बसतो. दुसरं कार्ड शेजारी मोकळं, त्याची वाट शाबूत, पण त्याला बोलावणार कोण? अपलिंक दुरुस्त होईपर्यंत सर्व्हर बाहेर, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही. ‘आपोआप गेलं, आपोआप आलं’ या तक्रारींतल्या पुष्कळशा इथल्याच.

यावर दोन उपाय आहेत. त्यांतला स्विचकडचा मला जास्त पटतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्टवर त्याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतात, जुनिपरवर अपलिंक फेल्युअर डिटेक्शन. एका गटात वरच्या बाजूला अपलिंकचे पोर्ट टाकायचे, खालच्या बाजूला सर्व्हरचे. वरचे सगळे गेले की स्विच स्वतःहून सर्व्हरचे पोर्ट खाली पाडतो. सर्व्हरवर काहीच बदलावं लागत नाही, त्याच्या दृष्टीने ती साधी केबल गेल्यासारखी घटना होते आणि फेलओव्हर क्षणात होतं. ‘वरचे सगळे’ हे शब्द लक्षात घ्या. अपलिंक दोन असतील आणि एक शिल्लक असेल, तर स्विच काही करत नाही, आणि ते बरोबरही आहे. मात्र दोन ॲक्सेस स्विच आपसात जोडलेले असतील, तर आधी कागदावर चित्र काढा. पहिल्याची अपलिंक गेली तरी दुसऱ्यामार्फत वाट असेल, तर ट्रॅकिंग लावून तुम्ही चालती लिंक उगाच पाडाल.

स्विचवर तुमचा हात चालत नसेल, भाड्याच्या डेटासेंटरमध्ये तो चालत नाहीच, तर दुसरा उपाय एआरपी देखरेखीचा. इथे बाँड लिंकचा दिवा न बघता ठरवलेल्या पत्त्यांना एआरपीने, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असं विचारणाऱ्या संदेशाने, हाका मारतो आणि उत्तर येतं का ते पाहतो. एमआयआय आणि एआरपी या दोन देखरेखी एकत्र चालत नाहीत, एकच निवडावी लागते. शिवाय ८०२.३एडी, बॅलन्स-टीएलबी आणि बॅलन्स-एएलबी या मोडमध्ये एआरपी देखरेख मिळत नाही, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअपवाल्यांसाठीच हा खरा पर्याय.

लावताना तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, लक्ष्य एकच ठेवणं. लक्ष्य म्हणून गेटवे दिला आणि गेटवे रीबूट झाला, की त्या नेटवर्कातल्या प्रत्येक सर्व्हरला दोन्ही कार्डं मेल्यासारखी वाटतात आणि सगळे बाँड एकाच वेळी इकडून तिकडे उड्या मारायला लागतात. १६ पर्यंत लक्ष्यं देता येतात. निदान दोन द्या, एक गेटवे आणि एक कायम जागं असणारं दुसरं काहीतरी, आणि दोन्ही एकाच डब्यात राहत नाहीत याची खात्री करा. दुसरी ठेच, लक्ष्य ॲक्सेस स्विचच्याच व्यवस्थापनाचा पत्ता असणं. तो स्विच बेटावर पडला तरी स्वतः उत्तर देत राहणार, मग देखरेख कसली? लक्ष्य अपलिंकच्या पलीकडचंच हवं.

तिसरी ठेच सहज दिसत नाही, आणि ‘आम्ही एआरपी लावलंय तरी होतं’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी हमखास सापडते. एकाच स्विचवर बाँड असलेले बरेच सर्व्हर असतात. प्रत्येक जण एआरपीच्या ब्रॉडकास्ट हाका मारत असतो. अपलिंक तुटली तरी या शेजाऱ्यांच्या हाका एकमेकांच्या पोर्टवर येत राहतात, आणि साध्या एआरपी देखरेखीला तेवढ्यावर वाटतं की लिंक जिवंत आहे, रहदारी येतेय की! एआरपी-व्हॅलिडेट हा पॅरामीटर याच्यासाठीच आहे. तो लावला की ड्रायव्हर फक्त आपल्या स्वतःच्या हाका आणि त्यांची उत्तरं मोजतो: ॲक्टिव्ह कार्डावर उत्तर आलं का, आणि बॅकअपवर आपलीच ब्रॉडकास्ट हाक फिरून पोचली का. सर्व्हर एकटा असताना चाचणी पास आणि रॅक भरल्यावर नापास, असं होत असेल तर दुसरीकडे बघूच नका.

कार्ड बदललं, पण सर्व्हर दिसत नाही

इथे घड्याळ लावा. सर्व्हर किती वेळ गायब होता, हा आकडा बऱ्याचदा लॉगपेक्षा जास्त सांगतो. तो सुमारे अर्धा मिनिट असेल तर एक कारण, पाच मिनिटांच्या आत-बाहेर असेल तर दुसरं, तासांत असेल तर तिसरं.

अर्धा मिनिट म्हणजे स्पॅनिंग ट्री, स्विचांमध्ये पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून जास्तीच्या वाटा बंद ठेवणारी पद्धत. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट वर आल्यावर ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अशा दोन पायऱ्यांत प्रत्येकी १५ सेकंद घालवतो, तोपर्यंत काही पुढे जाऊ देत नाही. पण लोक इथे एक गोष्ट विसरतात. बॅकअप कार्डाचा पोर्ट आधीपासूनच वर असतो, त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना सर्व्हरच्या पोर्टचे हे ३० सेकंद लागायचं कारण नाही. लागत असतील, तर वरच्या स्विचांमधला स्पॅनिंग ट्री नव्याने जुळतो आहे, आणि तिथे तर मॅक्स-एजचे (जुनी माहिती शिळी ठरण्याचे) २० सेकंद धरून वेळ ५० सेकंदांपर्यंतही जातो. तिकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू आहे का ते विचारा.

सर्व्हरच्या पोर्टचे ३० सेकंद चावतात ते परतीच्या प्रवासात. पहिला स्विच रीबूट होऊन वर येतो. त्याच्या पोर्टवर लिंकचा दिवा लागतो, पण स्विच अजून पॅकेट पुढे न्यायला तयार नसतो. बाँडला ‘प्रायमरी’ म्हणून पहिलं कार्ड सांगून ठेवलेलं असतं, आणि प्रायमरी-रीसिलेक्ट न सांगता ‘ऑलवेज’ असतं. दिवा दिसताच बाँड चालती वाट सोडून तिकडे धावतो. एकाच मेंटेनन्समध्ये सर्व्हर दोनदा गायब झाल्याची तक्रार आली, एकदा स्विच बंद होताना आणि एकदा तो वर आल्यावर, तर समजा हेच. त्यातली दुसरी वेळ लांबलचक असते आणि लोकांना बुचकळ्यात पाडते, कारण तेव्हा तर ‘सगळं दुरुस्त झालेलं’ असतं.

उपाय दोन्हीकडून करा. स्विचवर सर्व्हरच्या पोर्टांना पोर्टफास्ट (हे ३० सेकंद न थांबता पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) किंवा त्या कंपनीचा एज-पोर्टचा पर्याय. सर्व्हरवर प्रायमरी-रीसिलेक्ट ‘फेल्युअर’, म्हणजे चालू कार्ड खरंच मरेपर्यंत बाँड हलणार नाही. खरं सांगायचं तर दोन्ही लिंक सारख्याच वेगाच्या असतील तर प्रायमरी सांगायचीच गरज नाही, ती सवयीने लिहिली जाते. सांगायचीच असेल तर अपडिले लावा, म्हणजे दिवा लागल्यावर बाँड तितका वेळ थांबून मग विश्वास ठेवेल. अपडिले एमआयआय अंतरालाच्या पटीत द्यायचा, नाहीतर तो खालच्या पटीला आणला जातो. स्विच रीबूट होऊन पूर्ण तयार व्हायला किती वेळ घेतो ते एकदा प्रत्यक्ष मोजा आणि त्याहून थोडा जास्त ठेवा. जास्त ठेवल्याने बिघडत नाही, कारण एकही लिंक जिवंत नसेल तर ड्रायव्हर अपडिलेची वाट न बघता पहिली मिळेल ती लिंक घेतो.

पाच मिनिटं म्हणजे मॅक टेबल, कोणत्या कार्डाचा मॅक (हार्डवेअरचा) पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचकडची यादी. सिस्कोसह बऱ्याच स्विचमध्ये शिकलेला मॅक पत्ता ३०० सेकंद न दिसल्यावर विसरला जातो. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये न सांगता दोन्ही कार्डांचा मॅक एकच असतो. कार्ड बदललं की बाँड एक ग्रॅच्युइटस, म्हणजे कोणी न विचारताच केलेला, एआरपी पाठवतो, तो बघून स्विच समजतात की हा मॅक आता या बाजूला आला. ती आरोळी हरवली, तर कोअर स्विच जुन्या दिशेलाच पॅकेट पाठवत राहतो. पण सर्व्हरने स्वतःहून कुठेही एक पॅकेट पाठवलं तरी टेबल सुधारतं. त्यामुळे बडबड्या सर्व्हरना हा त्रास कळतही नाही. मार खातो तो गप्प बसणारा सर्व्हर, कोणी विचारलं तरच बोलणारा: लायसन्स सर्व्हर, आठवड्यातून एकदा वापरला जाणारा आर्काइव्ह, रात्रीच्या बॅकअपचं लक्ष्य. ‘फेलओव्हरनंतर बाकी सगळे आले, हा एकच आला नाही’ असं ऐकलं की तो सर्व्हर दिवसभर काय करतो, ते आधी विचारा.

आरोळी मूळ सेटिंगमध्ये एकदाच जाते. ती २५५ वेळांपर्यंत वाढवता येते, नम-ग्रॅट-एआरपी या पॅरामीटरने. आयपीव्ही६ साठी त्याचा जोडीदार वेगळ्या नावाचा आहे, पण आतून आकडा एकच, एक बदलला की दुसरा बदलतो. नव्या कर्नलमध्ये दोन आरोळ्यांमधलं अंतरही पीअर-नोटिफ-डिलेने वाढवता येतं. पाच-दहा आरोळ्या सेकंदासेकंदाच्या अंतराने दिल्या, तर वरचं नेटवर्क सावरेपर्यंत त्यातली एखादी तरी पोचते. शेकड्यांत नेण्यात अर्थ नाही.

या आरोळीची एक मर्यादा व्हर्च्युअलायझेशनवाल्यांना फार छळते. बाँडवर ब्रिज आणि ब्रिजवर व्हर्च्युअल मशीन असतील, तर आरोळी होस्टच्या स्वतःच्या पत्त्यांची जाते. पाहुण्या मशीनचे मॅक पत्ते वेगळे आहेत, त्यांच्या वतीने बाँड काही बोलत नाही. मग होस्ट लगेच दिसतो, निम्मी मशीन लगेच दिसतात, आणि गप्प बसणारी मशीन पाच मिनिटं अंधारात. व्हीएमवेअरमध्ये ‘नोटिफाय स्विचेस’ हा पर्याय मुळातच चालू असतो आणि होस्ट पाहुण्यांच्या मॅकने आरएआरपी (तशीच एक आरोळी) पाठवतो, त्यामुळे तिकडून लिनक्सच्या केव्हीएमवर आलेल्यांना हे नवीन असतं. केव्हीएमची मशीन चालवणाऱ्या क्यूएमयूमध्ये ४.० पासून ‘अनाउन्स-सेल्फ’ ही आज्ञा आहे, लाइव्ह मायग्रेशननंतर मशीन स्वतःची ओळख जाहीर करते तीच क्रिया. ॲक्टिव्ह कार्ड बदलल्यावर एखाद्या छोट्या स्क्रिप्टने ती प्रत्येक मशीनला दिली की काम होतं. तेवढंही नको असेल, तर प्रत्येक पाहुण्याने मिनिटाला एकदा गेटवेला पिंग करावं. दिसायला गावठी उपाय आहे, पण चालतो.

तासांचा मामला म्हणजे एआरपी टेबल, कोणत्या आयपीचा मॅक कोणता याची राउटर आणि मशीनकडची यादी. फेल-ओव्हर-मॅक हा पॅरामीटर ‘ॲक्टिव्ह’ असेल, तर कार्ड बदलताना बाँडचा मॅकही बदलतो. आता स्विचच्या मॅक टेबलबरोबर राउटर आणि शेजारच्या मशीनच्या एआरपी टेबलचीही भानगड येते, आणि सिस्को राउटरचा एआरपी मूळ सेटिंगमध्ये ४ तास टिकतो. इन्फिनिबँडवर हा पॅरामीटर असाच असावा लागतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत बाँड केला असेल तरी लोक तो लावतात, कारण हायपरव्हायजर परक्या मॅकची पॅकेट अडवतो. साध्या इथरनेटच्या लोखंडी सर्व्हरवर मात्र तो कुठून तरी उचललेल्या सेटिंगमधून आलेला असतो. काढून टाका. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बाँड का केला, हेही एकदा विचारा. ते काम होस्टचं आहे.

पोर्ट सिक्युरिटी राहिली. मॅक एका सुरक्षित पोर्टवर शिकलेला असताना तोच त्याच व्हीलॅनमधल्या (आभासी नेटवर्कमधल्या) दुसऱ्या सुरक्षित पोर्टवर दिसला, की सिस्कोचा स्विच त्याला घुसखोरी मानतो आणि मूळ सेटिंगमध्ये पोर्ट एरर-डिसेबल करतो. दोन्ही कार्डं एकाच स्विचवर किंवा एकाच स्टॅकवर असतील तर फेलओव्हर म्हणजे या नियमाचा सरळ भंग. हा पोर्ट माणसाने येऊन उठवेपर्यंत वर येत नाही, म्हणून ‘आपोआप परत आलं’ असं इथे ऐकू येत नाही.

काहींना दिसतो, काहींना नाही

एका मशीनवरून पिंग लागतो, शेजारच्यावरून लागत नाही, आणि हे बदलत नाही: ज्याला लागत नाही त्याला कधीच लागत नाही. हे ऐकलं की स्विचचं कॉन्फिगरेशन मागवा. बहुधा सर्व्हरवर ॲक्टिव्ह-बॅकअप आहे आणि स्विचवर त्याच दोन पोर्टांचा स्थिर पोर्ट-चॅनल (पोर्टांची एक मोळी) बांधलेला आहे, ‘मोड ऑन’वाला. स्विचला दोन्ही पोर्ट एकाच वाटेचे वाटतात. तो पत्त्यांचा हॅश (त्यांवरून गणिताने येणारा आकडा) काढून काही संभाषणं एका पोर्टवर टाकतो, काही दुसऱ्यावर. बॅकअप कार्डावर आलेली पॅकेट ड्रायव्हर टाकून देतो. ज्यांच्या हॅशच्या नशिबी बॅकअप, ते बाहेर. गंमत म्हणजे एक केबल काढली की सगळं सुरळीत होतं, आणि त्यावरून लोक केबल किंवा कार्ड खराब ठरवून बदलत बसतात. ऑल-स्लेव्ह्ज-ॲक्टिव्ह लावून टाकलेली पॅकेट आत घेण्याचा सल्लाही फिरतो, तो ऐकू नका. लक्षण झाकलं जातं, न जुळणारे मोड तसेच राहतात. ॲक्टिव्ह-बॅकअपला स्विचवर कसलाही चॅनल लागत नाही, दोन साधे पोर्ट लागतात.

याच्या उलटंही होतं. सर्व्हरवर बॅलन्स-आरआर किंवा बॅलन्स-एक्सओआर (दोन्ही कार्डांवर रहदारी वाटणारे मोड) आणि स्विचवर काहीच नाही. मग एकच मॅक दोन पोर्टांवर आळीपाळीने दिसतो, स्विचचा लॉग मॅकफ्लॅपच्या ओळींनी भरून जातो. बाँड बनवताना मोड सांगायचा राहिला तर ड्रायव्हर बॅलन्स-आरआर धरतो, हे इथलं नेहमीचं मूळ.

एलएसीपी, म्हणजे ८०२.३एडी मोड, या गोंधळातून बराच वाचवतो, कारण दोन्ही टोकं एकमेकांशी बोलून मगच लिंक गटात घेतात. तो बिघडला की प्रॉकमधली तीच फाइल वाचा. ‘पार्टनर मॅक ॲड्रेस’ सगळा शून्यांचा असेल, तर समोरचा एलएसीपी बोलतच नाही: चॅनल ‘ऑन’ मोडमध्ये आहे, किंवा दोन्ही टोकं पॅसिव्ह बसली आहेत, किंवा चॅनल बांधायचाच राहिला. दोन कार्डांचे ॲग्रीगेटर आयडी (गटाचे क्रमांक) वेगळे असतील, तर ती एका गटात आलेलीच नाहीत आणि त्यातला एकच गट काम करतो. दोन स्वतंत्र स्विचना एलएसीपीने जोडलं की हेच होतं. त्या दोघांमध्ये स्टॅक, व्हीपीसी किंवा एमएलएजी असल्याशिवाय ते सर्व्हरला एकच स्विच म्हणून दिसत नाहीत. समोरून काही येतंय का याची शंका असेल तर टीसीपीडम्पला इथरटाइप ०x८८०९ ची गाळणी लावून मिनिटभर ऐका, मंद गतीतसुद्धा दर ३० सेकंदांनी एक तरी पॅकेट दिसायला हवं.

मंद गतीवरून आठवलं: गायब राहण्याचा वेळ दीड मिनिट भरत असेल, तर तो एलएसीपीचा ९० सेकंदांचा टाइमआउट असतो. दिवा चालू पण मधला मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विचचं डोकं बंद, अशा वेळी तो लागतो. वेगवान गतीत तो ३ सेकंदांवर येतो. पण सर्व्हरवर ‘फास्ट’ लिहिणं म्हणजे समोरच्याला ‘तू मला दर सेकंदाला पाठव’ असं सांगणं. स्विचला आपली बाजू लवकर कळावी असं वाटत असेल, तर ते स्विचवर वेगळं लिहावं लागतं. एकाच टोकाला लिहून निम्माच फायदा पदरात पडतो.

सिस्कोच्या नेक्सस स्विचवरचा एक त्रास इथेच येतो. सर्व्हर नेटवर्कवरून बूट होत असेल, तर त्या क्षणी बाँड अस्तित्वात नसतो, एलएसीपी बोलणारं कोणी नसतं, आणि नेक्सस मूळ सेटिंगमध्ये अशा पोर्टला निलंबित करतो. इन्स्टॉलेशन अडकतं, लोक कार्डाच्या फर्मवेअरवर संशय घेतात. त्या पोर्ट-चॅनलवर ‘सस्पेंड-इंडिव्हिज्युअल’ बंद करायचं. अरिस्टावर यासाठी एलएसीपी फॉलबॅक आहे, जुनिपरवर फोर्स-अप.

विंडोज सर्व्हरवर नावं वेगळी, प्रश्न तेच. २०१२ पासूनचं एलबीएफओ टीमिंग आणि २०१६ पासूनचं हायपर-व्ही साठीचं एसईटी, दोघांनाही स्विचच्या पलीकडचं दिसत नाही. एसईटी एलएसीपी घेतच नाही, त्यामुळे त्याच्या समोर पोर्ट-चॅनल बांधलेला सापडला तर वरचाच प्रकार. लिनक्सवर टीमडी (बाँडिंगला पर्याय म्हणून आलेलं साधन) वापरत असाल तर बाँडिंगवर यायची तयारी ठेवा, रेड हॅटने आवृत्ती ९ मध्येच त्याला निरोपाच्या यादीत टाकलं.

चाचणी कशी घ्यावी

दुरुस्तीनंतर पुन्हा केबल काढून सही करू नका. ‘आयपी लिंक सेट डाउन’ तर त्याहून फसवी आहे. सर्व्हरच्या बीएमसीशी (सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या स्वतंत्र चिपशी) पोर्ट वाटून घेणाऱ्या कार्डांत इंटरफेस खाली पाडला तरी भौतिक लिंक वरच राहते, समोरच्या स्विचला काही झाल्याचं कळतही नाही. खालील क्रमाने पाडा, प्रत्येक वेळी बाहेरच्या मशीनवरून सतत पिंग चालू ठेवून आणि वेळ लिहून: स्विचवरून सर्व्हरचा पोर्ट शटडाउन, मग पहिल्या स्विचची अपलिंक शटडाउन, मग पहिल्या स्विचचा वीजपुरवठा पूर्ण बंद, आणि शेवटी तोच स्विच परत चालू. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि परतीचा घोटाळा तिथेच लपतो. पिंग निदान दोन मशीनवरून ठेवा, एक त्याच व्हीलॅनमधलं आणि एक गेटवेच्या पलीकडचं, म्हणजे हॅशची आणि एआरपीची भानगड आपोआप उघडी पडते. हे सगळं बीएमसीच्या कन्सोलवर बसून करा. ज्या बाँडची चाचणी, त्याच बाँडवरून एसएसएच करून बसलात तर पहिल्याच पायरीला डोळे मिटतील.

त्याआधी केबल कुठून कुठे जातात ते डोळ्यांनी बघा. एथटूलमध्ये कार्डाचा दिवा लुकलुकवण्याची सोय आहे. एलएलडीपी (शेजारी कोण जोडलंय ते कळवणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर कोणतं कार्ड कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे ते सर्व्हरवरूनच वाचता येतं. दोन वेगळ्या स्विचना गेलेल्या म्हणून सांगितलेल्या केबल एकाच स्विचवर सापडणं काही नवलाचं नाही. बाँडमधली दोन्ही पोर्टं एकाच ड्युअल-पोर्ट कार्डावरची असतील, तर ते कार्ड किंवा त्याचा पीसीआय स्लॉट गेला की दोन्ही एकदम जातात. एक पोर्ट मदरबोर्डवरचं आणि एक वेगळ्या कार्डावरचं घ्या. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर असतील तर त्याची तक्रार मात्र बाँडिंग ड्रायव्हरकडे नेऊन उपयोग नाही, ती वायरमनकडे न्या.